कुंडीतले चमचे

हेडबाईंचा फोन आला की मी खुर्चीत ताठ बसते. पन्नाशी उलटली, दोन मुलांची लग्नं झाली, तरी बसते. शाळेत असताना त्यांनी मला वर्गाबाहेर इतक्या वेळा उभं केलंय की पाठीच्या कण्यालाच ती सवय लागलीय. त्या दिवशीही तसंच झालं. कशी आहेस, काय आहेस, काही नाही. तुमच्या बाईनं माझं स्वयंपाकघर बाटवलं, उद्यापासून तिला पाठवू नकोस, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

मी कपाळाला हात लावला. ही त्यांनी घालवलेली तिसरी बाई होती.

आमची ज्यू समाजाची कुटुंब-सेवा संस्था आहे. सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या, मागच्या गल्लीत, दातांच्या डॉक्टरच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या, आणि खाली अंगणात एक मोठं स्वयंपाकघर. कुणाला दवाखान्यात न्यायचंय, कुणाचं नवराबायकोचं पटत नाही, कुणाच्या घरी सुतक आहे आणि चूल पेटवायला माणूस नाही, सगळे आमच्याकडे येतात. माझं काम म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतनीस पाठवायचं. म्हणजे खरं तर जोड्या जुळवायचं. कुठल्या आजोबांना बडबडी बाई लागते, कुठल्या आजींना रेडिओ लावणारी खपत नाही, हे मला तोंडपाठ आहे. लग्न जुळवणाऱ्यांचा निदान पाहुणचार तरी होतो, मला दोन्हीकडून बोलणी बसतात.

हेडबाई म्हणजे आमच्या समाजाच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन जमाना झाला, पण अजून कुणी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारत नाही. नाकावर माशी बसू देत नाहीत. गेल्या वर्षी न्हाणीघरात पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, तेव्हापासून काठी आली. आंघोळ एकटीनं जमत नाही, बाजारहाट जमत नाही. सकाळची बाई असेल तरच त्या त्या घरात राहू शकतात, नसेल तर नाही, इतकं सरळ होतं ते.

त्यांचे चिरंजीव दुसऱ्या शहरात असतात. वाईट माणूस नाही, पण आईच्या काळजीनं त्याचे केस पिकले. त्याच्या शहरात आपल्याच लोकांचा एक चांगला वृद्धाश्रम आहे, तिथे त्यानं खोली सांगून ठेवलेली. दुसरी बाई गेली तेव्हा त्यानं मला फोनवर स्पष्ट सांगितलं होतं की आता आणखी एक गेली तर मी आईला घेऊन जाणार. आणि हेडबाई मला म्हणाल्या होत्या की मला इथून नेतील ते उचलूनच. दोघांच्या मध्ये मी, आणि आमची मौनीबाई.

मौनीबाई हे आम्ही ऑफिसात या तिसऱ्या बाईला ठेवलेलं नाव. ती आमच्यातली नाही, पण कामाला चोख, आणि तोंडातून शब्द काढायचा तर जणू पदरचे पैसे जातात. हेडबाईंना बडबड आवडत नाही, म्हणून मी मुद्दाम ही जोडी लावली होती आणि मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली होती.

आता बाटवलं म्हणजे काय, ते सांगते. आमच्या धर्मात दूध आणि मटण एकत्र करत नाहीत. एकत्र शिजवायचं नाही, एकत्र खायचं नाही, आणि दोन्हींची भांडीही वेगळी. पातेली वेगळी, ताटल्या वेगळ्या, चमचे वेगळ्या खणात, घासणीसुद्धा वेगळी. आता पुष्कळ घरांत हे सैल झालंय, माझ्या घरात तर विचारूच नका. पण हेडबाईंकडे दुधाचं ते निळं आणि मटणाचं ते लाल. डावीकडची फळी निळी, उजवीकडची लाल, प्रत्येक दांड्याला त्या रंगाची पट्टी. तिथे निळा चमचा लाल खणात सापडणं म्हणजे प्रलय.

मी आधी मौनीबाईला गाठलं. खरं सांगायचं तर चिडूनच गाठलं. इतकं सोपं काम, लाल आणि निळं, लहान पोरालाही कळतं, तुला काय झालं होतं, असं मी तिला भर जिन्यात झापलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की मी केलं नाही. मी म्हटलं, मग भुतानं केलं का?  त्यावर ती एवढंच म्हणाली की आजींनी मला खोटारडी म्हटलं, आता मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही.

दुसरी बाई माझ्याकडे नव्हती. असती तरी हेडबाईंचं नाव ऐकून आजारी पडली असती. मग काय, मीच पदर खोचला आणि रोज सकाळी ऑफिसच्या आधी त्यांच्याकडे जायला लागले. चिरंजीवांच्या कानावर अजून काही घातलं नव्हतं. तो रविवारी येणार होता, तोवर काहीतरी सुचेल अशी आशा.

पहिल्या दिवशी हेडबाईंनी मला थेट बाल्कनीत नेलं. तिथे त्यांच्या कुंड्या आहेत, तुळतुळीत पानांची शोभेची झाडं. त्या मातीत चमचे खोचून उभे केलेले. दोन काटे, एक सुरीही. चमचा चुकून बाटला तर तो मातीत पुरून ठेवायचा, म्हणजे शुद्ध होतो, असं त्यांच्या आई करायच्या. आमचे धर्मगुरू म्हणतात की याला शास्त्रात काही आधार नाही, उकळत्या पाण्यात बुडवा, झालं. पण हेडबाईंना आईपुढे धर्मगुरूंचं काय. बघ, म्हणाल्या, बघ तुझ्या बाईचा प्रताप. मला हसू आलं होतं, ते मी गालात दाबलं. झाडांना चमचे लागलेत असं वाटत होतं.

मी त्यांना आंघोळ घातली, गोळ्या दिल्या, भाजी आणली. बाईंनी खुर्चीत बसून माझ्या कांदा चिरण्याला नावं ठेवली. तू शाळेतही असाच गबाळा कारभार करायचीस, म्हणाल्या. एकूण सकाळ बरी गेली. खोटं कशाला बोलू, मला मजाच आली.

दोन-तीन दिवसांनी कुंड्यांना पाणी घालताना लक्षात आलं की चमचे वाढलेत. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, हे सगळं तिनं आधीच करून ठेवलेलं, आता एकेक सापडतंय. मला पटलं. पटवून घेतलं म्हणा. मौनीबाईला मनातल्या मनात आणखी दोन शिव्या घातल्या. पण खण रोज मी आवरत होते. निघताना निळे निळ्यात, लाल लालमध्ये, सगळं माझ्या हातानं ठेवून जात होते. घरी जाताना हे डोक्यात आलं. तरी मी स्वतःला सांगितलं की माझंच काहीतरी चुकलं असेल, मी कुठली एवढी शिस्तीची.

शुक्रवारी सकाळी मात्र डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळी शब्बाथ, आमचा विसाव्याचा दिवस, सुरू व्हायचा होता, म्हणून बाई खुशीत होत्या. आज कॉफी मी करते, तू बस, म्हणाल्या. गॅसपाशी उभ्या राहून शाळेच्या गप्पा सांगत होत्या. कोणत्या बॅचनं गच्चीवर बकरी चढवली होती, आणि ती उतरवायला अग्निशमन दलाला कसं बोलवावं लागलं. मी खो खो हसत होते. आणि हसता हसता बघितलं तर दूध लाल दांड्याच्या पातेल्यात उकळत होतं.

ते त्यांचं रस्सा करायचं पातेलं होतं. हात जराही अडखळला नव्हता. निळी फळी समोर, निळं पातेलं तिच्यावर, आणि त्या सहज वळून लाल फळीकडे गेल्या होत्या.

मी तोंड मिटलं. पण माझा चेहरा म्हणजे उघडी खिडकी, हे माझा नवराही म्हणतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्याकडे. गॅस बंद केला. दूध मोरीत ओतलं, पातेलं नळाखाली धरलं आणि बराच वेळ पाणी सोडून नुसत्या उभ्या राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या की रात्री झोप लागली नव्हती. मी म्हटलं, होतं असं, बाई. मग आम्ही बिनदुधाची कॉफी प्यायलो. बकरीचं पुढे काय झालं ते राहूनच गेलं.

त्या दिवशी माझं ऑफिसात लक्ष लागलं नाही. लाल-निळं चुकणं ही दुसऱ्या कुणाच्या घरी गोष्टच नाही. डॉक्टरनं स्मरणशक्ती तपासायला वार विचारला तर बाई वार सांगतील, तारीख सांगतील, शंभरातून सात वजा करत करत डॉक्टरचीच शाळा घेतील. पण आमच्यातल्या कुणी ते पातेलं पाहिलं असतं तर एका क्षणात ओळखलं असतं. जे हात लहानपणापासून झोपेतसुद्धा चुकले नाहीत, ते चुकायला लागले होते. मला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग. कुणावर ते मला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळच्या आत मी मौनीबाईच्या घरी गेले. तिची माफी मागितली, सगळं सांगितलं, आणि परत ये म्हणून हात जोडले. ती ओट्यापाशी पीठ मळत होती. म्हणाली, मग आजींनीच तसं सांगावं. मी तिला समजावलं, अगं, त्यांनी सांगितलं तर मुलगा म्हणेल आईचं डोकं चालत नाही, आणि रविवारीच उचलून नेईल. बोलायचं तर घर जातं, आणि न बोलावं तर तू येत नाहीस.

त्यावर मौनीबाईनं पीठ मळायचं थांबवलं.

"ताई, त्यांचं घर राहावं म्हणून मी खोटारडी व्हायचं का? मला अजून चार घरी काम करायचंय."

 तिचं बरोबर होतं आणि मला ते बरोबर असायला नको होतं. मी गुमान घरी आले.

शनिवार शब्बाथ, फोन नाही, काम नाही. तो सगळा दिवस मी एक थाप रचण्यात घालवला, देवा क्षमा कर. मौनीबाईचा दोष नाही आणि बाईंचाही नाही, गोंधळ ऑफिसचाच झाला, आम्ही तिला नीट शिकवलं नाही, आता दुसरी तयार बाई देतो. दुसरी बाई कुठून आणणार होते ते मलाही माहीत नव्हतं. निदान चिरंजीव परत जाईपर्यंत वेळ निघाला असता.

रविवारी तो आला. प्रवासानं चुरगळलेला सदरा, हातात आईसाठी मऊ बुटांचा जोड. बाल्कनीत गेला आणि तिथेच थबकला. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. ओरडला वगैरे नाही. मला म्हणाला की तुमच्या लोकांना आईची साधी पद्धत पाळता येत नसेल तर मी तिला इथे कुणाच्या भरवशावर ठेवू. तिथे आश्रमात वेगळं स्वयंपाकघर आहे, देखरेख आहे, मी रोज संध्याकाळी भेटू शकेन. आई, तू विचार कर, असंही म्हणाला, पण विचार त्यानं आधीच केलेला होता हे दिसत होतं.

बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, काठी मांडीवर आडवी. मी घसा साफ केला आणि माझी थाप सुरू केली. आमच्या ऑफिसचं जरा चुकलं, असं मी म्हणतेय तोच बाईंनी टेबलावर बोटानं टकटक केलं. वर्ग गप्प करायला त्या असंच करायच्या. मी गप्प झाले.

"भांडी मी मिसळली," त्या म्हणाल्या. "हिनं नाही, त्या बाईनं नाही. मी. परवा मी लाल पातेल्यात दूध तापवलं, ही समोर बसली होती. आणि ती बाई येत नव्हती तेव्हाही मला रोज चमचे सापडत होते, ते कुणी टाकले असतील एवढं गणित मला येतं."

चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याचा चेहरा बघवत नव्हता. इतका वेळ तो हट्टी आईशी भांडायला आलेला माणूस होता, आता नुसता मुलगा झाला. तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, आई, मग तर तू चलच.

बाई म्हणाल्या, माझं बोलणं संपलेलं नाही. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांचं त्यांनी ठरवलेलं होतं, बहुतेक शब्बाथभर बसून. लाल सगळं घरातून न्यायचं. फळी रिकामी करायची. या घरात यापुढे मटण शिजणार नाही, येणारच असेल तर संस्थेच्या स्वयंपाकघरातून शुक्रवारी डब्यात येईल, त्याची ताटली त्याच्याबरोबर येईल आणि त्याच्याबरोबर जाईल. घरात एकच रंग राहिला तर मिसळणार काय?

मी आ वासून बघत राहिले. जोड्या जुळवायचं माझं इतक्या वर्षांचं काम, पण हे मला सुचलं नव्हतं. आणि सुचलं असतं तरी मी त्यांना सांगायला धजले नसते. ती लाल फळी त्यांच्या आईची. मोठं पातेलं त्यांच्या लग्नातलं. दर शुक्रवारी त्या घरातून रश्श्याचा वास जिन्यात यायचा आणि शेजारपाजारचे दार किलकिलं ठेवायचे.

चिरंजीवांनी मला विचारलं की एवढ्यानं भागेल का. खरं सांगा, म्हणाला. माझी थाप केव्हाच विरली होती. मी म्हटलं, सध्या भागेल. सकाळची बाई असेल तर नक्की भागेल. पुढचं मला सांगता येत नाही, डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि मी दर आठवड्याला स्वतः येऊन बघेन. तो बराच वेळ टेबलावरची मऊ बुटांची पिशवी उगाच सारखी करत बसला. मग म्हणाला, ठीक आहे, पण डॉक्टरकडे मी घेऊन जाणार. बाई म्हणाल्या, ने.

पण सकाळची बाई कुठे होती? बाईंनी मला मौनीबाईचा नंबर लावायला सांगितला. मी लावून दिला आणि बाहेर जायला निघाले, तर म्हणाल्या, बस. मुलालाही हातानंच बसवलं. आमच्या दोघांच्या देखत त्या फोनवर बोलल्या.

"मी बोलतेय. चूक माझी होती आणि खोटारडी तुम्हाला म्हटलं. माझं विसरायला होतंय. तुमची माफी मागते. उद्या याल का?"

आख्ख्या शाळेनं, चार पिढ्यांनी, या बाईंच्या तोंडून माफीचा शब्द ऐकला नव्हता. पलीकडून दोनच वाक्यं आली. मौनीबाईच ती. मग बाईंनी फोन माझ्याकडे दिला. काय म्हणाली, मी विचारलं. येते म्हणाली, आणि भाजी काय आणू ते विचारलं, असं बाई म्हणाल्या. 

दुपारी मी आणि चिरंजीवांनी लाल फळी उतरवली. धातूचं सगळं संस्थेच्या स्वयंपाकघरात उकळून नव्यानं संसार मांडणाऱ्या एखाद्या जोडप्याला द्यायचं ठरलं, चिनी मातीचं आणि लाकडी, जे उकळून चालत नाही, तेवढं टाकून द्यायचं. तो एकेक भांडं वर्तमानपत्रात गुंडाळत होता आणि मध्येच थांबत होता. बाई बघायला आल्या नाहीत, आतल्या खोलीत पडून राहिल्या. झोपल्या नव्हत्या, मला ठाऊक आहे.

तो खोकी गाडीत ठेवायला खाली गेला. मी चपला घालत होते तेव्हा बाई काठी टेकत दारापर्यंत आल्या. मला वाटलं, काहीतरी राहिलं म्हणून ओरडणार. त्या माझ्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या, आधाराला.

"एक दिवस असा येईल की हे निळंही मला उमगायचं नाही," म्हणाल्या. "त्या दिवशी आधी मला सांगायचंस. मुलाला नाही, ऑफिसला नाही, मला. मी भांडेन. तिला म्हटलं तसं तुलाही खोटारडी म्हणेन. तरी सांगायचंस."

असा दिवस कशाला येतोय, असं म्हणायची मला सवय आहे. कितीतरी म्हाताऱ्यांना म्हटलंय, जीभ आपोआप वळते. त्यांच्यापुढे वळली नाही. मी म्हटलं, सांगेन, बाई. त्यांनी मान हलवली आणि दार लावून घेतलं.

मी जिन्यात कठड्याला धरून रडले. चिरंजीव वर येत होता, त्यानं मला पाहिलं आणि काही न विचारता बाजूनं निघून गेला.

आता मी दर सोमवारी जाते. मौनीबाई कॉफी करते, बाई माझ्या बोलण्यातल्या चुका काढतात, आम्ही हसतो. आणि तेवढा सगळा वेळ माझं लक्ष त्यांच्या हातांकडे असतं. त्यांना ते ठाऊक आहे.